मंगळवार, पाच ते साडेसात

आमच्या घरात कोर्टाचा हुकूम वाचता येईल अशी मी एकटीच होते, आणि तेव्हा मी सहावीत होते. हुकूम इंग्रजीत होता. मम्मीचं शिक्षण मराठीतून बारावीपर्यंत झालेलं. मामाचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे त्याचं इंग्रजी पाइपांच्या मापांपुरतं. अमडापूरला पप्पांकडे तर इंग्रजी वाचणारं कोणीच नव्हतं. मला इंग्रजी शाळेत घालायचं हा मम्मी-पप्पांनी मिळून घेतलेला बहुधा शेवटचा निर्णय असावा. त्याचा उपयोग आधी कोर्टाचा कागद वाचायला होईल, असं दोघांनाही वाटलं नसणार.

त्यांचं का पटलं नाही हे मी लिहिणार नाही. मला त्यातलं अर्धंच माहीत आहे. एवढं सांगते की घरात मारझोड नव्हती, दारू नव्हती. घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला आणि मी मम्मीकडे राहायचं हेही दोघांनी मान्य केलं. मलाही तेच हवं होतं. मम्मी मला घेऊन बुलढाण्याला मामाच्या घरी आली आणि एका दवाखान्यात रिसेप्शनला बसू लागली. पप्पा अमडापूरलाच राहिले. मला भेटायला कोर्टानं त्यांना महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार दिला. वेळ अकरा ते चार, ठिकाण मामाचं घर.

अशा भेटीसाठी कोर्ट बहुतेक वेळा रविवारच देतं. पोरांना शाळा नसते, नोकरीवाल्यांना सुट्टी असते. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. पण पप्पा नोकरीवाले नव्हते. ते आठवडी बाजारात मसाला विकायचे. जिरं, मोहरी, धने, तीळ, लाल मिरची, थोडी वेलची-लवंग. प्रत्येक गावाचा बाजाराचा वार वेगळा, म्हणून त्यांचं रोजचं गाव वेगळं. सकाळी टेम्पोत माल टाकायचा, ताडपत्री बांधायची, दिवस मावळता आवरायचं. आमचा जिल्हा अर्धा घाटावर आहे, अर्धा घाटाखाली. रविवारी ते घाटाखालच्या एका मोठ्या गावाला बसायचे. बाकीच्या सगळ्या बाजारांत मिळून जेवढी विक्री व्हायची, जवळपास तेवढी त्या एका दिवशी.

मग हे कोर्टात कोणी सांगितलं का नाही?

कारण दोन्ही बाजूंच्या कागदांत पप्पांचा व्यवसाय शेती असा लिहिला होता. पप्पांच्या लग्नाच्या बायोडाटात त्यांच्या थोरल्या भावानं ‘शेती’ असं लिहिलं होतं. शेत होतं, दोन एकर, पण ते बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं. पप्पांनी त्यात पाय ठेवलेला मी कधी पाहिला नाही. बाजारात जमिनीवर बसणाऱ्याला मुलगी देताना लोक विचार करतात, शेतीवाल्याला देताना जरा कमी करतात. लग्नानंतर मम्मीला खरं कळलं. तरी बाहेर तीही शेतीच सांगत राहिली. कोर्टाचं काम निघालं तेव्हा पप्पांच्या वकिलानं विचारलं, व्यवसाय काय, आणि त्यांच्या भावानं पुन्हा तेच सांगितलं. आमच्या बाजूनं मामानं सांगितलं. शेतीवाला म्हटलं की कागद जरा वजनदार होतो, असं त्याला वाटलं. त्या सगळ्या प्रकरणात दोन्ही घरांचं न भांडता एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर, आणि तीच खरी नव्हती.

सुरुवातीचे काही रविवार पप्पा आले. मामाच्या बैठकीत, टीव्हीखालच्या खुर्चीत टोकावर बसायचे. मामी चहा द्यायची आणि आतल्या दारात उभी राहायची. मी समोरच्या दिवाणावर. पप्पा विचारायचे, “अभ्यास?” मी म्हणायची, “चालू आहे.” मग आम्ही दोघं टीव्ही बघायचो. तो बंद असला तरी. मधून मधून ते घड्याळाकडे बघायचे. मामीला वाटायचं त्यांना कंटाळा आला. मला माहीत होतं की आत्ता तिकडे बाजार भरला असेल, आणि त्यांच्या जागेवर दुसरं कोणीतरी ताडपत्री बांधली असेल. बाजारातली जागा दर आठवड्याला बसणाऱ्याची असते. चार रविवार सोडली की गेली.

मग एका रविवारी ते आले नाहीत. नंतर एका रविवारी साडेतीनला आले, घामानं भिजलेले, शर्टाला मिरचीचा खाट, नाकात झोंबणारा वास. मामा दारातच होता.

“चारले टाइम संपते,” मामा म्हणाला.

“हाव, माहीत हाय.”

“माहीत हाय तं आता काऊन आले?”

पप्पा चपला काढून आत आले. अर्धा तास बसले. मला त्या दिवशी सारख्या शिंका येत होत्या. चारला ते उठले, “चाल मंग,” म्हणाले आणि गेले. त्यानंतर तीन महिने आले नाहीत.

मामा वाईट नव्हता. रोज सकाळी मला तोच शाळेत सोडायचा, माझ्या वह्यांना कव्हर तोच घालायचा. रविवारी अकरा वाजता नवा फ्रॉक घालून बसलेली आणि एक वाजता तो बदलून येणारी भाची त्याला बघवत नव्हती. त्याच्या वकिलानं अर्ज तयार केला. वडील भेटीला येत नाहीत, मुलीला त्रास होतो, तिचा अभ्यास बुडतो, तरी भेट तीन महिन्यांतून एकदा, तासभर, कोर्टाच्या आवारात ठेवावी. मी आतल्या खोलीत गणितं सोडवत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“बाजार असते त्याचा रविवारी,” मम्मी म्हणाली.

“मंग थे त्यानं सांगावं ना. आपण काऊन सांगावं?”

“सांगितलं तर काय होतं?”

“अवं, आपल्या कागदात शेती लिवलेली हाय. तुयी सही हाय त्याच्यावर. कोर्टात खोटं लिवून देल्लं असं निघालं तं माणूस आत जाते. दोन्हीकडचे जातीन.”

मामा हे घाबरवायला म्हणाला की त्याला खरंच तसं वाटत होतं, माहीत नाही. मी मात्र ते जसंच्या तसं धरलं. पप्पांनी खरं सांगितलं तर ते आत. मम्मीनं सांगितलं तर तीही आत. कोणीच काही सांगितलं नाही तर पप्पा तीन महिन्यांतून एक तास, तोही कोर्टाच्या बाकावर. मी हिशेब पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी उत्तर तेच आलं, की आपण गप्प बसायचं. ते मला तसंही जमत होतं.

तारखेला मला शाळेच्या युनिफॉर्ममध्ये नेलं. युनिफॉर्म बरा दिसतो असं वकील म्हणाले होते. कोर्टाच्या लांब व्हरांड्यात आम्ही एका टोकाला बसलो, पप्पा दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तसा शर्ट मी त्यांच्या अंगावर फक्त लग्नांत पाहिला होता. मामा माझ्याजवळ वाकला.

“बाई, भिऊ नको. खोटं काईच सांगायचं नाई. एवढंच सांगजो, पप्पा येत नाईत. खरंच हाय ना थे?”

मी हो म्हटलं. खरंच होतं.

पुकारा झाला. थोड्या वेळानं शिपाई मला एकटीला न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये घेऊन गेला. न्यायाधीश बाई होत्या. त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या आणि बातम्यांतल्यासारखं मराठी बोलायच्या. त्यांनी शिपायाला बाहेर पाठवलं आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. आधी शाळेबद्दल इंग्रजीत विचारलं. मी इंग्रजीत उत्तरं दिली, एक-एक शब्दाची. मग त्या मराठीत आल्या.

“आईकडे बरं वाटतं?”

“हो.”

“बाबा भेटायला येतात?”

“नाही.”

“यावेत असं वाटतं?”

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आज मलाही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, पेनचं टोपण लावलं. माझं काम झालं असं मला वाटलं. मला मोकळं करण्यासाठीच असेल, पण जाता जाता त्यांनी विचारलं, “तुझा आवडता वार कोणता गं?”

हा निबंध आम्हाला शाळेत होता. मी रविवार लिहिला होता, सगळ्यांनीच लिहिला होता. रविवारी उशिरा उठतो, रविवारी गार्डनला जातो, पंधरा ओळी. पण इथे मार्क नव्हते. मी म्हटलं, “मंगळवार.”

“मंगळवार? शाळा असते ना?”

“हो.”

“मग मंगळवार का?”

“मंगळवारी पप्पा घरी असतात.”

अमडापूरला असताना तसंच होतं. मंगळवारी त्यांना जमेल असा एकही बाजार नव्हता. त्या दिवशी ते माल चाळायचे, मिरच्यांचे देठ काढायचे आणि कागदाच्या पुड्या करून ठेवायचे. शाळेच्या व्हॅनमधून उतरले की मी दप्तर टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसायची. संध्याकाळपर्यंत आम्ही पुड्या करायचो. फार बोलायचो असं नाही.

न्यायाधीशबाईंनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.

“आणि बाकीच्या दिवशी कुठे असतात?”

त्यांनी इतक्या सहज विचारलं की मी सांगून टाकलं. सोमवारी कुठे, बुधवारी कुठे, गुरुवारी कुठे. वारांसोबत गावं मला पाढ्यासारखी पाठ होती. रविवारी घाटाखाली, हे सांगितलं आणि मग मला कळलं की मी काय केलं.

बाईंनी सगळे वार कागदावर उतरवले. मी विचारलं, “त्यांना जेलमध्ये टाकणार का?”

“कोणाला?”

“दोघांना.”

“दोघांना?” त्या हसल्या नाहीत, हे मला बरं वाटलं. “नाही गं. कोणालाही नाही. बोलणार मात्र आहे त्यांच्याशी.”

त्यानंतरचं मी कोर्टाच्या दारात, शिपायाशेजारी उभी राहून पाहिलं. आतल्या बाकांवर दुसऱ्या प्रकरणांची माणसं बसलेली होती. पप्पांना पुढे बोलावलं. आमच्याकडे न्यायाधीश बाई असल्या तरी बहुतेक लोक साहेबच म्हणतात.

“व्यवसाय काय तुमचा?”

“शेती, साहेब.”

“आणखी काही?”

पप्पांनी त्यांच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलांनी फायलीकडे पाहिलं.

“बाजार करतो साहेब. मसाल्याचा.”

“रविवारी?”

“रविवारी मोठा असते.”

“मग हे प्रतिज्ञापत्रात का नाही?”

“शेती पण हाय साहेब. दोन एकर. बटईनं देल्ली.”

“मी बाजाराचं विचारते आहे.”

पप्पांनी एक हात दुसऱ्या हातात धरला. “बायोडाटात शेती लिवली होती साहेब. लग्नाच्या. मंग थेच चालत आलं.”

मागच्या बाकांवर हशा झाला. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “याचा घटस्फोट झाला, पण बायोडाटा नाई सुटला.” शिपायानं त्यांना हातानं गप्प केलं. त्याच्या स्वतःच्या मिशीखालीही हसू होतं. माझे कान तापले. पप्पांचेही तापले असणार, पण ते सरळ उभे होते.

मग मम्मीला विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग तुमच्या कागदांत शेती कशी?”

मम्मी हळू आवाजात बोलली, पण मला दारापर्यंत ऐकू आलं. “मी बारा वर्षं सगळ्यांना शेतीच सांगितलं, मॅडम. कोर्टात वेगळं कसं सांगू?”

या वेळी कोणी हसलं नाही.

आमचे वकील उठले. मुलीचा अभ्यास, ट्यूशन, मुलगी आता मोठी होते आहे, बाजारात बसणाऱ्या वडिलांबरोबर ती कुठे जाणार, असं ते बोलत राहिले. न्यायाधीशबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या की त्यांच्यासमोर आईचा हक्क किंवा वडिलांचा हक्क हा प्रश्न नाही, मुलीचं हित कशात आहे एवढाच आहे. वडील येत नाहीत याचा अर्थ त्यांना यायचं नाही, असं त्या आज सकाळपर्यंत समजत होत्या. “रविवार दिला ती आमची सवय,” त्या म्हणाल्या. “मुलीला विचारलं तर तिनं मंगळवार सांगितला.”

सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. मी शिपायाच्या मागे झाले.

दोन्ही बाजूंनी व्यवसायाचं प्रतिज्ञापत्र दुरुस्त करून द्यायचं ठरलं. दर मंगळवारी पप्पांनी मला पाचला शाळेतून घ्यायचं आणि साडेसातपर्यंत घरी सोडायचं. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. घरी आल्यावर दारात गाडी लावताना मामा म्हणाला, “मंगळवार सांगायची काय गरज होती, बाई?” त्यात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखा विचारत होता.

हुकमाची नक्कल काही दिवसांनी हातात आली. मम्मीनं ती माझ्यापुढे ठेवली. “वाच.” मी डिक्शनरी घेऊन बसले. त्यात माझं नाव एकदाच होतं, पुढे सगळीकडे मला ‘मायनर’ म्हटलं होतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि मम्मी, मामा, मामी ऐकत राहिले. शेवटची ओळ अशी होती की ही व्यवस्था मायनर अठरा वर्षांची होईपर्यंत लागू राहील. मी तीही वाचली. मम्मी कागदाची घडी घालत म्हणाली, “अठरापर्यंत.” आणि कुकर लावायला उठली.

पहिल्या मंगळवारी पप्पा शाळेच्या फाटकाबाहेर मोटरसायकल घेऊन उभे होते, व्हॅनवाल्यांपासून जरा लांब. आम्ही तलावाजवळच्या बागेत गेलो. बुलढाण्यात त्यांना दुसरी जागा माहीत नव्हती. बाकावर बसल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांची नक्कल काढली. कागदाला जिऱ्याचा वास होता.

“वाचून दाखव. वकिलानं सांगितलं, पण त्याचं बोलणं लवकर-लवकर.”

मी वाचलं. मंगळवार, वेळ, सुट्ट्या, दुरुस्त प्रतिज्ञापत्र, सगळं. शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले. का ते नीट सांगता येत नाही. आमचा हा पहिलाच मंगळवार होता, आणि तो कधी संपणार हे त्याच दिवशी, मीच त्यांना सांगावं, हे मला जमलं नाही.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

त्यांनी कागद पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले चौकोन काढले. मग आम्ही पुड्या करायला लागलो.

पुढची सहा वर्षं बहुतेक मंगळवार असेच गेले. पाऊस असला की बस स्टँडवर, नाहीतर बागेत. माझी परीक्षा असली की मी वाचत बसायची आणि ते एकटेच पुड्या करायचे. सगळे मंगळवार चांगलेच होते असं नाही. काही फार लांब वाटायचे, आणि सातच्या सुमाराला आम्ही दोघंही घड्याळ बघायचो. माझ्या मैत्रिणी त्या वेळी क्लासला असायच्या. पण मम्मीनं मला एकाही मंगळवारी अडवलं नाही किंवा निमित्त काढलं नाही, हे लिहायला हवं. पप्पांची रविवारची बाजारातली जागाही टिकली.

आठवीत असताना वर्गातली एक मुलगी तिच्या आईबरोबर बागेत आली आणि थेट आमच्या बाकापाशी आली. तिनं इंग्रजीत विचारलं, हे तुझे वडील का, आणि तुम्ही काय करताय? मी म्हटलं, “क्राफ्ट.” पप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं असावं. पुढच्या मंगळवारी ते कागद घेऊन आले नाहीत. “आज काई नाई आणलं,” म्हणाले, आणि आम्ही अडीच तास हात मांडीवर ठेवून बसलो. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी माझी सातवीची सायन्सची वही दप्तरातून नेली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटून पाहिली.

“एवढं चांगलं अक्षर फाडू?”

“जुनी आहे,” मी म्हटलं.

त्यानंतर दर वर्षी माझ्या वह्या त्यांच्याकडे जायच्या. घाटाखालच्या किती घरांत माझ्या आकृत्यांमध्ये गुंडाळलेली मोहरी गेली असेल कोण जाणे.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा बारावीत होते. वाढदिवस शुक्रवारी होता. त्याआधीच्या मंगळवारी पप्पांनी मला वेलचीची छोटी डबी दिली. जाताना नेहमीप्रमाणे “चाल मंग” म्हणाले.

पुढच्या मंगळवारी पाच वाजता, अकरावीपासूनच्या सवयीनं, मी बागेच्या फाटकाशी उभी होते. ते आले नाहीत. सहापर्यंत वाट पाहिली. फोन करता आला असता, पण आम्ही दोघंही फोनवर बोलणारी माणसं नाही. घरी आले तर मम्मी माझ्याकडे बघून म्हणाली, “नाही आले?” मी नाही म्हटलं.

शनिवारी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “जिरं संपलं आहे.”

“दुकानातून आणते.”

“दुकानातलं काडीकचऱ्याचं असतं.” सात वर्षं ती दुकानातलंच जिरं आणत होती आणि सात वर्षं हेच म्हणत होती. मग तिनं कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. “उद्या रविवार आहे. पाव किलो आण. धनेही आण.”

रविवारी सकाळी मी घाट उतरणाऱ्या बसमध्ये बसले. त्या बाजाराला मी लहानपणी दोन-तीनदाच गेले होते, पण जागा सापडली. लसणाच्या ढिगांपलीकडे, लिंबाच्या झाडाखाली, निळी ताडपत्री. पप्पा एका बाईला मोहरी तोलून देत होते. मला पाहून त्यांनी तराजू तसाच धरून ठेवला.

“काय पाहून राह्यले भाऊ, द्या ना,” ती बाई म्हणाली.

त्यांनी पुडी बांधून दिली. मग मला म्हणाले, “आज रविवार हाय.”

“माहीत आहे.”

“कॉलेज?”

“रविवार आहे ना पप्पा.”

“हाव, खरंच.”

मी चपला काढून ताडपत्रीवर त्यांच्या बाजूला बसले. ते जरा सरकले. मग कुठेतरी दुसरीकडे बघत बोलले.

“मंगळवारी आलो नाई. अठरा झाल्यावर कागद चालत नाई. मंग तुले विचारल्याबिगर कसं यावं? मोठी झाली तू.”

“कोणी सांगितलं अठराचं?”

“वकिलानं. तेव्हाच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी.” त्यांनी मिरचीचा एक देठ उचलून बाजूला टाकला. “तू वाचलं त्यात नाई आलं. मले वाटलं, तुले नसन समजलं. लहान होती. मंग मी काई बोललो नाई.”

“मला समजलं होतं,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, एकाला तीळ हवे होते, एकाला लाल मिरची. “अवो मसालेवाले,” त्यातला एक म्हणाला, “लेकीशी नंतर बोला, माही बस चुकून राह्यली.” पप्पांनी तीळ घेतले. मी पुड्यांच्या गठ्ठ्यातून एक पुडी काढून त्यांच्या पुढे धरली. कागद वर्तमानपत्राचा होता. माझ्या मागच्या वर्षीच्या वह्या संपल्या असाव्यात.

दुपारपर्यंत मी बसले. ओळखीचं कोणी दिसलं नाही. दिसलं असतं तर काय केलं असतं, माहीत नाही. निघताना मी कापडी पिशवी पुढे केली. “पाव किलो जिरं, पाव किलो धने.”

जिरं कोणासाठी ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी जिरं सुपात घेऊन पुन्हा एकदा पाखडलं, निवडलं आणि मग तोललं.

“मंगळवारी येऊ?” त्यांनी विचारलं.

“या. साडेपाचला या, आता पाचपर्यंत प्रॅक्टिकल सुरू झालंय.”

“अन् सोडू कितीले?”

मी रस्त्यावर उभ्या असलेल्या बुलढाण्याच्या बसकडे बघत होते. ड्रायव्हर चढला होता. “बघू,” मी म्हटलं, आणि पिशवी उचलली.